बिचिरची रोजनिशी : अंडी मिळाल्यानंतरचं काम

जुलै, पाऊस लागलेला

पावसाने जोर धरला की बिचिर या आफ्रिकी माशाच्या टाकीकडे जास्त लक्ष जातं. पश्चिम आफ्रिकेत गॅम्बिया, सेनेगल, नायजर या नद्या फुगतात त्या साधारण याच महिन्यांत. पॉलिप्टेरस सेनेगालस, म्हणजे माझ्या टाकीतला बिचिर, तेव्हा पाण्याखाली गेलेल्या काठच्या गवतात अंडी घालतो. तिकडचा पूर आणि आपला पावसाळा एकाच सुमारास येतो, हा योग वाया घालवू नये.

याच अंड्यांसाठी जॉन सॅम्युएल बजेट या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने आफ्रिकेत पुन्हा पुन्हा मोहिमा काढल्या. १९०३ साली नायजरच्या त्रिभुज प्रदेशात त्याला फलित अंडी मिळाली आणि १९०४च्या जानेवारीत तो तापाने गेला. तीच अंडी आज चार फुटी टाकीत, लोकरीच्या झुपक्यात सापडतात. याचं अप्रूप कमी होत नाही.

जोडी निवडताना रंग बघून उपयोग नाही, शेपटीच्या अलीकडचा खालचा पर बघायचा. नराचा हा पर रुंद, जाड, मांसल आणि पंख्यासारखा घड्या पडलेला असतो. मादीचा अरुंद आणि टोकदार. मासा वीसेक सेंटीमीटरचा झाला की फरक स्पष्ट दिसतो; त्याआधी दुकानदार ‘जोडी आहे’ म्हणाला तरी तो अंदाजच असतो. पाच-सहा पिल्लं एकत्र वाढवून त्यांतून जोडी निघू देणं सगळ्यात चांगलं.

जुलै, अखेरचा आठवडा

टाकीबद्दल. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, म्हणजे सुमारे अडीचशे लिटर. उंचीवर पैसे घालवू नयेत, ते रुंदीवर घालावेत. हा तळावर फिरणारा मासा आहे आणि त्याला वळायला जागा लागते. तळाशी बारीक, धुतलेली नदीची वाळू. धारदार खडी नको, खाताना तोंडात जाते. शिंपल्यांचा चुरा असलेली वाळूही नको, पाण्यातले क्षार वाढून ते कडक होतं.

झाकण हा यातला सर्वात गंभीर भाग. बिचिर रात्री फिल्टरच्या पाइपाशेजारच्या फटीतून बाहेर पडतो आणि डोकं शिरलं की उरलेलं अंग जातंच. प्रत्येक फट स्पंजने किंवा जाळीने बंद करायची. पण पाणी काठोकाठ भरून झाकण लावणंही चूक. पाणी आणि झाकण यांच्यात चार-पाच सेंटीमीटर हवा हवीच, कारण त्याला फुप्फुसं आहेत आणि वर येऊन श्वास घेता आला नाही तर तो गुदमरू शकतो. शांतपणे बघितलं तर दिसतं : मासा तिरका वर येतो, डोक्याचा माथा जेमतेम पाण्याबाहेर काढतो, डोळ्यांच्या मागच्या दोन फटी क्षणभर उघडतात आणि मिटतात. बहुतेक श्वास तो या फटींतूनच घेतो, हे २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवलं गेलं.

वीज गेली की बिचिर तग धरतो, फिल्टरमधले पाणी स्वच्छ ठेवणारे जिवाणू मात्र धरत नाहीत. बंद डब्याच्या फिल्टरमध्ये काही तासांत ते मरू लागतात आणि वीज आल्यावर ती घाण टाकीत येते. म्हणून मोठ्या फिल्टरच्या जोडीला बॅटरीच्या एअर पंपावर चालणारा एक स्पंज फिल्टर कायम ठेवावा.

ऑगस्ट, सुरुवात

दोन-तीन आठवडे भरपूर खाणं : गांडुळं, सोललेली कोळंबी, माशाचे तुकडे, बुडणाऱ्या गोळ्या. जिवंत फीडर मासे (खाऊ म्हणून विकले जाणारे छोटे मासे) मुळीच नकोत, रोग त्यांच्याबरोबरच घरात येतात. खाणं संध्याकाळी दिवा मालवल्यावर, कारण हा मासा डोळ्यांपेक्षा वासावर चालतो. सकाळी उरलेलं काढून टाकायचं.

मग पाणी. एरवी २६-२७ अंश असतं. एक दिवसाआड तीस-चाळीस टक्के पाणी बदलायचं आणि नवं पाणी दोन-तीन अंश थंड, मऊ (कमी क्षारांचं), क्लोरीन काढलेलं घालायचं. आठवड्याने तापमान हळूहळू २८पर्यंत न्यायचं. मुंबई-पुण्यात धरणाचं पाणी बहुतेक मऊ असतं. बोअरचं असेल तर पागोळीचं पाणी मिसळता येतं, पण पहिल्या सरींचं नाही आणि पत्र्यावरून आलेलंही नाही.

टाकीत जावा मॉस या पाणवनस्पतीचे गठ्ठे किंवा ॲक्रिलिक लोकरीचे झुपके ठेवायचे. नर मादीच्या कडेने पोहतो, डोक्याने ढुशा देतो, अंग थरथरवतो. शेवटी तो खालचा पर वाटीसारखा वळवून मादीच्या पोटाखाली धरतो. अंडी थोडी थोडी त्या वाटीत पडतात, तिथेच फलित होतात आणि शेपटीच्या फटक्याने झुपक्यांवर विखुरतात. हे काही दिवस चालू राहतं. अंडी चिकट, दीडेक मिलिमीटरची. आईबाप ती बिनदिक्कत खातात, म्हणून झुपका रोज सकाळी बाहेर काढायचा.

ऑगस्ट, मध्य

अंडी मिळाली म्हणजे जमलं, असं बरेच जण धरून चालतात. निम्म्याहून जास्त कष्ट इथून पुढे आहेत.

अंड्यांसाठी मुख्य टाकीचंच पाणी, आठ-दहा सेंटीमीटर खोल, हलका हवेचा बुडबुडा, २७ अंश. फिकट आकाशी रंग येईल इतकंच मिथिलीन ब्लू, हे बुरशी रोखणारं निळं औषध. पांढरी पडलेली अंडी ड्रॉपरने उचलायची, नाहीतर बुरशी शेजारच्या अंड्यांवर चढते. तीन-चार दिवसांत पिल्लं निघतात. गळ्याशी दोन्ही बाजूंना पिसांसारखे बाहेरचे कल्ले असतात. सुरुवातीचे काही दिवस पोटातला बलक पुरतो, तेव्हा खाणं घालून पाणी नासवू नये.

पोट सपाट दिसू लागलं की ताजं आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या बारीक जीवाची नुकती निघालेली पिल्लं. एक लिटर पाण्याला २५ ते ३० ग्रॅम आयोडीन नसलेलं मीठ, पाव चमचा आर्टेमियाची अंडी, तळातून जोरदार हवा, २७-२८ अंश, उजेड. चोवीस तासांत तयार. हवा बंद केली की टरफलं वर तरंगतात आणि केशरी पिल्लं उजेडाच्या बाजूला गोळा होतात. टरफलं पोटात गेली तर अडकतात, म्हणून पिल्लंच शोषून, गाळून, गोड्या पाण्यात धुवायची.

बिचिरची पिल्लं खाण्याच्या मागे धावत नाहीत. समोर हललं तरच तोंड उघडतं. मोठ्या टाकीत ती अन्नाच्या ढिगाशेजारी उपाशी मरतात. उथळ भांडं आणि थोडं थोडं पण दाट अन्न, दिवसातून तीन वेळा. तासाभराने तळ ड्रॉपरने साफ.

सप्टेंबर

लांबीत फरक पडला की मोठं पिल्लू छोट्याच्या शेपटीला किंवा कल्ल्याला लागतं, मग त्याला गिळतं. म्हणून दर आठवड्याला आकाराप्रमाणे वेगळं करायचं. अडीच-तीन सेंटीमीटरला चिरलेले ब्लडवर्म (लाल अळ्या) सुरू होतात.

नवा मोठा मासा आणला तर महिनाभर वेगळ्या टाकीत. जंगलातून पकडलेल्या बिचिरच्या कातडीवर मॅक्रोजायरोडॅक्टिलस हे बारीक पांढरे कृमी असतात. ते अंडी न घालता थेट पिल्लं देतात, त्यामुळे फार लवकर वाढतात. मासा दगडाला अंग घासतो, अचानक उधळतो. त्यावर कृमींचं औषध प्राझिक्वान्टेल, लिटरला दोन ते अडीच मिलिग्रॅम, आठवड्याने पुन्हा.

बाहेरचे कल्ले पूर्ण विरलेले आणि बुडणारी गोळी न घाबरता उचलणारं, सातेक सेंटीमीटरचं पिल्लूच दुसऱ्याच्या घरी द्यावं. आधी कोणी कितीही मागितलं तरी देऊ नये. देताना घेणाऱ्याच्या टाकीचं झाकण मात्र विचारावं.