रात्री न उठणारे कार्ड

वडणग्याच्या अण्णांनी जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात ते कार्ड माझ्या टेबलावर ठेवले, तेव्हा त्यांची तक्रार एवढीच होती : "दुपारी झ्याक चालतंय, रातीचं उठतच न्हाई बघा." शेतीपंपाच्या स्टार्टरमध्ये बसणारी सिंगल फेज प्रिव्हेंटरची कार्डे मी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या घराच्या मागच्या खोलीत तयार करतो. तीनही फेज ठीक असतील तरच कार्डावरचा रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच, ओढतो आणि मोटर सुरू होते. एखादा फेज गेला की रिले सुटतो आणि मोटर वाचते. कार्ड स्वतः बिघडले, तर मोटर सुरूच होणार नाही, पण जळणारही नाही, अशी त्याची रचना आहे आणि तिच्यावर माझा पूर्ण भरवसा होता.

अण्णांची १० एचपीची मोटर मात्र जळली होती. शेतीची वीज त्या आठवड्यात रात्रीची होती, उसाचे पाणी लांबत चालले होते, आणि रिले ओढत नाही म्हणून वायरमनने तारेचा तुकडा जोडून कार्डच वगळले होते. तिसऱ्या रात्री ट्रान्सफॉर्मरवरचा एक फ्यूज उडाला आणि दोन फेजवर घुरघुरत राहिलेल्या मोटरचे वाइंडिंग काळे पडले. असा थेट जोड देण्याची सवय आपल्याकडे इतकी रुळली आहे की देणाऱ्याला त्यात काही चुकल्यासारखे वाटतही नाही. त्या वायरमनचा मला राग आला आणि तो अजून गेलेला नाही. तरीही त्याच्यावर ही वेळ माझ्या कार्डामुळे आली होती, हे मला नाकारता येईना.

टेबलावर कार्ड दोन दिवस निर्दोष चालले. दुपारी चालणारे आणि रात्री न उठणारे कार्ड म्हणजे ओल, हे नदीकाठच्या पंपघरांत वावरणाऱ्याला सांगावे लागत नाही. जानेवारीत पंचगंगेवर पहाटे धुके असते आणि पत्र्याची पेटी आतून घामेजते. म्हणून मी स्टीलच्या डब्यात ओला पंचा घातला, त्यावर पालथी वाटी ठेवून तिच्यावर कार्ड ठेवले आणि झाकण लावून डबा रात्रभर गच्चीवर ठेवला. सकाळी सहाला मीटर लावला, तर ५ व्होल्टच्या लाइनचा कार्डावरच्याच शून्य व्होल्टच्या लाइनशी रोध ३८ ओहम भरला. आदल्या दिवशी तो काही किलो-ओहम होता. एवढा भार पडल्यावर कार्डावरचा छोटा ट्रान्सफॉर्मर खाली बसतो आणि रिले ओढायला व्होल्टेज उरत नाही. कार्डाची डावी कड बोटाने किंचित दाबली की मीटरवरचा आकडा हलत होता, आणि त्या कडेपासून अवघ्या ३ मिलिमीटरवर एक सिरॅमिक कपॅसिटर, म्हणजे थोडी वीज साठवणारा चिमुकला सुटा भाग होता.

तो १२०६ आकाराचा, म्हणजे ३.२ बाय १.६ मिलिमीटरचा. भिंगातून वरून पाहिला तर नवा दिसत होता. मी तो गरम हवेने काढून पारदर्शक अॅराल्डाइटच्या थेंबात उभा बसवला आणि दुसऱ्या दिवशी पाणी घालून ४०० नंबरच्या पॉलिश पेपरपासून २००० नंबरपर्यंत घासत त्याचा अर्धा भाग उडवला. पोटातले थर वहीच्या पानांसारखे दिसू लागले, आणि खालच्या बाजूला धातूची टोपी जिथे संपते नेमकी तिथून निघून साधारण ४५ अंशांत वर चढत गेलेली एक काळी रेघ दिसली. उष्णतेने किंवा जादा व्होल्टेजने पडलेली चीर अशी नसते. बोर्ड वाकला की सिरॅमिक अशी फुटते. तिला दाब सोसतो, ताण सोसत नाही. कोरड्या हवेत ही चीर गप्प असते. तिच्यात ओल शिरली की थरांमधून वीज झिरपू लागते.

कार्ड वाकवले होते मीच. बोर्ड मी बाहेरून करून आणतो, सहा कार्डांची एक पट्टी. कार्डे सुटी तोडता यावीत म्हणून मधे खाच लागते; कारखान्याकडून ती मारून घ्यायला वेगळे पैसे पडतात, म्हणून ती खाच मी घरी मारत असे. हॅक्सॉच्या जुन्या पात्याचे टोक दगडावर घासून त्याला चोचीसारखा आकार द्यायचा, स्टीलची पट्टी क्लॅम्पने घट्ट धरायची, आणि १.६ मिलिमीटरच्या ग्लास इपॉक्सीला, म्हणजे काचेचे कापड घातलेल्या बोर्डाला, दोन्ही बाजूंनी समोरासमोर ओढत जायचे, मधे अर्धा मिलिमीटर उरेपर्यंत. या हत्याराचा मला अभिमान होता. सुट्या कार्डापेक्षा अख्ख्या पट्टीवर बारीक सुटे भाग सोल्डर करणे सोपे जाते, म्हणून आधी सोल्डर करायचे आणि मग टेबलाच्या काठावर पट्टी धरून टक् करून तोडायची, अशी माझी पद्धत होती. तो कपॅसिटर नेमका तोडीच्या रेघेशी काटकोनात होता, म्हणजे वाकण्याचा सगळा ताण त्याच्या लांबीवर येत होता.

कोरा बोर्ड कापायला ही खाचेची पद्धत आजही मला सगळ्यांत स्वच्छ वाटते. पत्र्याच्या कातरीने ग्लास इपॉक्सी कापता येते, पण कडेने आतले काचेचे कापड सुटते आणि पांढरी पट्टी उमटते. हायलम, म्हणजे कागदाच्या थरांचा स्वस्त बोर्ड, तर थंडीत कपच्या उडवून फुटते, ती आधी कोमट करावी लागते. काचेमुळे साध्या पोलादी पात्याची धार बघता बघता जाते. रोटरी टूलला डायमंडची चकती लावली की काम झरझर होते, पण जी पूड उडते ती काचेची असते, तिच्यातले धागे केसाच्या दहाव्या हिश्श्याइतके बारीक असतात, आणि बंद खोलीत मास्क न लावता अँगल ग्राइंडरने बोर्ड कापून दाखवणारे व्हिडिओ पाहिले की त्या मुलांच्या आईवडिलांना फोन करावासा वाटतो.

सोल्डर केलेली पट्टी न वाकवता वेगळी करण्याचा मार्ग मला अखेर हुपरीच्या एका चांदी कारागिराने दिला. त्याने आपली जाळीकामाची करवत माझ्या हातात दिली. तिचे पाते दोऱ्याएवढे असते, दाते मुठीकडे वळलेले असतात आणि ती खाली ओढताना कापते. म्हणून तांब्याची बाजू वर ठेवायची, म्हणजे दाता तांब्यात शिरतो आणि ३५ मायक्रॉनचा तो पापुद्रा उचलला जात नाही. पट्टी दोन्ही बाजूंनी आधार देऊन सपाट धरायची, पात्यावर पाण्याचा थेंब सोडत राहायचा, म्हणजे पूड चिखल होऊन खाली बसते. एका पट्टीला तीन-चार पाती लागतात आणि अर्धा तास जातो. आता मी असेच कापतो. पुढच्या बोर्डांत कपॅसिटर कडेपासून आत घेतला आहे आणि तोडीच्या रेघेला समांतर फिरवला आहे.

प्रश्न उरला तो जुन्या ४८ कार्डांचा. आठ पट्ट्या एकाच आठवड्यात तोडल्या होत्या आणि ३१ कार्डे विकली गेली होती. प्रत्येक पट्टीतल्या पहिल्या कार्डाची डावी कड बाहेरची असते, तिथे तोड नसते, म्हणून ४८ पैकी आठ कार्डे नक्की चांगली होती. ती ओळखताही आली असती, कारण तोडलेली कड खरबरीत असते. पण माल देखणा दिसावा म्हणून मी सगळ्या कडा कानशीने घासून गुळगुळीत केल्या होत्या. घरी उरलेली १७ कार्डे मी त्याच डब्यात रात्रभर ठेवली. त्यांतली चार सकाळी रोध हरवून बसली होती. उरलेली तेरा चांगली आहेत असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही, कारण आज बंद असलेली चीर आणखी दोन पावसाळ्यांनी उघडू शकते. ती सतराही मी मोडीत काढली.

अण्णांना वाइंडिंगचे पैसे द्यायला गेलो, तर ते घेईनात. "वायरमननं जोड दिला न्हवता तर जळली असती व्हय?" असे ते म्हणाले. नसती जळली, हे खरे. कार्डाने आपले काम केले असते तर जोड द्यावाच लागला नसता, हेही मी त्यांना सांगितले आणि पाकीट त्यांच्या मुलाच्या हातात ठेवून आलो. विकलेल्यांपैकी २६ कार्डे मी स्वतः जाऊन बदलली आहेत. तिघांनी "चालतंय की, कशाला हात लावताय" म्हणून परत पाठवले. त्यांच्याकडे मी पुन्हा जाणार आहे. उरलेली दोन शिरोळ तालुक्यातल्या एका दुकानदाराने रोखीने विकली आणि कुणाला ते त्याला आठवत नाही. मृग लागण्यापूर्वी नदीकाठची पंपघरे एकेक करून उघडून बघायची, असे ठरवले आहे. कार्डाच्या डाव्या कोपऱ्यात माझ्या हातचा हिरव्या शाईचा ठिपका आहे.