महाळुंगे पडवळ: बाबू गेनूंच्या गावी

गणपतीत मंडईजवळ हुतात्मा बाबू गेनू मंडळाच्या गर्दीत आपण पुणेकर दरवर्षी उभे असतो. पण बाबू गेनू मूळचे आपल्याच जिल्ह्यातले, आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. गेल्या डिसेंबरात लेकीला घेऊन तिथे जाऊन आलो.

नाशिक रस्त्याने राजगुरुनगर लागलं, मग मंचर. पुढे महामार्ग सोडला की कांद्याची वावरं आणि ऊस. ही हिरवाई डिंभे धरणानंतरची. बाबू गेनू सैद 1908 साली जन्मले तेव्हा इथे सगळी भिस्त पावसावर. वडील लवकर गेले आणि पोटासाठी मुंबई गाठावी लागली, कापडगिरणीत.

ही गिरणी मला फार महत्त्वाची वाटते. पाठ्यपुस्तकात आपण फक्त ट्रक वाचतो. परदेशी कापडावरचा बहिष्कार हा त्यांच्यासाठी भाषणातला विषय नव्हता, रोजच्या भाकरीचा होता. 12 डिसेंबर 1930 ला काळबादेवीत विलायती कापडाचा ट्रक पोलीस बंदोबस्तात निघाला. सत्याग्रही आडवे येत होते, पोलीस त्यांना ओढून बाजूला काढत होते. हातात दगड नाही, काठी नाही. बाबू गेनू रस्त्यावर आडवे झाले. देशी चालकाने गाडी थांबवली, तेव्हा गोऱ्या सार्जंटने स्वतः ती अंगावर घातली, असं सांगतात. वय अवघं 22.

स्मारकापाशी झेंडूचे हार अजून टवटवीत होते. कट्ट्यावर एक आजोबा बसले होते. लेकीने त्यांनाच विचारलं, "आजोबा, त्यांना उठून पळता आलं नसतं का?"

"आलं असतं की, बाळा," ते म्हणाले. "पर त्यो उठला नाय." मग माझ्याकडे वळून, "पुण्याहून आलाव? च्या घेतल्याबगर जायाचं नाय बरं का." चहा होईस्तोवर ते काळबादेवीचं असं सांगत होते, जणू घरातलंच माणूस गेलं होतं.

राजगुरूंना फाशी झाली 23 मार्च 1931 ला, म्हणजे बाबू गेनूंनंतर साधारण सव्वातीन महिन्यांनी. दोघेही याच रस्त्यावरच्या शेजारशेजारच्या तालुक्यांतले. शाळांच्या सहली शिवनेरीला याच वाटेने जातात. त्यांनी थोडी वाट वाकडी करून इथे यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

स्वतःची गाडी नसेल तर एसटीने मंचरला उतरा आणि गावाकडे जाणारी गाडी तिथेच विचारा. 12 डिसेंबरच्या आसपास गेलात तर उत्तम.