कॉर्पोरेट स्ट्रॅटेजीची केस सोडवताना: मुख्यालय नेमकं देतं काय?

आंतरराष्ट्रीय व्यवसायाच्या अभ्यासक्रमात कॉर्पोरेट स्ट्रॅटेजीचा पेपर सहसा उशिरा येतो. तोवर स्वॉट, पेस्टल, पोर्टरची पाच बलं हे बाजार आणि स्पर्धा तपासायचे सगळे आराखडे हाताखालून गेलेले असतात, आणि घोळ तिथेच होतो. नव्या देशातली स्पर्धा कशी आहे, ग्राहक कोण, किंमत किती ठेवायची, एवढं लिहून विद्यार्थी पेपर संपवतात. ही बिझनेस स्ट्रॅटेजी झाली, म्हणजे एका बाजारात कसं टिकायचं याचं उत्तर. कॉर्पोरेट पातळीवरचा प्रश्न निराळा आहे. कोणते व्यवसाय आणि कोणते देश एका छपराखाली ठेवायचे? त्या छपरामुळे त्यांना असं काय मिळतं, जे एकेकटं राहून मिळालं नसतं?

मायकेल पोर्टर यांनी 1987 मध्ये यासाठी तीन कसोट्या मांडल्या. उद्योग आकर्षक आहे का, किंवा तसा करता येईल का? आत शिरण्याचा खर्च पुढचा सगळा नफा खाऊन टाकत नाही ना? आणि नवं युनिट समूहात आल्याने त्याची किंवा समूहाची ताकद वाढते का? कसोट्या विविधीकरणासाठी, म्हणजे नव्या उद्योगांत शिरण्यासाठी होत्या, पण ‘उद्योग’च्या जागी ‘देश’ घातला तरी चालतात. खरा कस तिसरीत लागतो. तिथे ‘सिनर्जी (एकत्र आल्याचा फायदा) मिळेल’ एवढंच लिहिलंत तर गुण जायलाच हवेत. काय सरकणार आहे त्याचं नाव घ्या: खरेदीतली सवलत, ब्रँड, सॉफ्टवेअर, तयार मॅनेजर की रोकड. कुठून कुठे जाणार आणि त्याला किती महिने लागणार, तेही सांगा.

टार्गेटची कॅनडातली केस यासाठी फार शिकवणारी आहे. किरकोळ दुकानांच्या या अमेरिकी साखळीने 2011 मध्ये झेलर्स या कॅनडातल्या साखळीच्या दुकानांचे भाडेकरार सुमारे 1.8 अब्ज कॅनेडियन डॉलरना घेतले, 2013 मध्ये एकाच वर्षात 124 दुकानं उघडली आणि जानेवारी 2015 मध्ये बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. तेव्हा दुकानं होती 133. पहिली कसोटी पार झाली होती. कॅनडाचे ग्राहक सीमा ओलांडून टार्गेटच्याच अमेरिकेतल्या दुकानांत खरेदीला जात होते. दुसरीवर ताण आला, कारण एवढे भाडेकरार एकदम हातात आले की दुकानं झपाट्याने उघडणं भाग पडतं. तिसरीत मात्र सगळं फसलं. टार्गेटचं बळ म्हणजे माल वेळेवर फळीवर पोचवणं, आणि नेमकं तेच सीमेपलीकडे गेलं नाही. कॅनडासाठी नवी संगणक प्रणाली बसवली, तिच्यात वस्तूंची माहिती घाईने भरली गेली, सेंटिमीटरच्या जागी इंच असल्या चुका राहिल्या. परिणामी गोदामं भरलेली आणि फळ्या रिकाम्या. केस वाचताना हाच सांधा शोधायचा असतो: मुख्यालयाची ताकद कोणती, आणि ती नव्या देशात पोचली की वाटेत सुटली?

याच केसमुळे पंकज घेमावत यांच्या 2001 च्या केज फ्रेमवर्कची मर्यादाही कळते. सांस्कृतिक, प्रशासकीय, भौगोलिक आणि आर्थिक अशी चार अंतरं त्यात मोजायची असतात. अमेरिका आणि कॅनडा चारही बाबतींत जवळ, तरी धंदा बुडाला. म्हणजे कुठे जाणं सोपं, हे अंतर सांगतं. तिथे आपल्याला जमेल का, हे सांगत नाही. असाइनमेंटमध्ये बहुतेक जण चार रकान्यांचा तक्ता काढून चौघांना सारखंच वजन देतात, ते टाळा. सिमेंट जड आणि स्वस्त, म्हणून भूगोल भारी पडतो. विजेत आणि बँकिंगमध्ये सरकारी परवाने आडवे येतात. खाद्यपदार्थांत आणि टीव्हीच्या कार्यक्रमांत संस्कृती. आधी उद्योग, मग अंतर, हा क्रम सोडू नका. शिवाय अंतर नेहमी अडचणच असतं असंही नाही. दोन देशांतल्या मजुरीच्या फरकावर उभे असलेले धंदे अंतरामुळेच चालतात.

एंट्री मोडच्या, म्हणजे नव्या देशात कोणत्या मार्गाने शिरायचं याच्या भागात शब्द भरपूर आणि आकडे शून्य, अशी उत्तरं खूप दिसतात. एक काल्पनिक आकडेमोड पाहू. मायदेशी नग 100 ला पडतो. वाहतूक आणि विमा 12. आयात शुल्क 10 टक्के, पण बऱ्याच देशांत ते 112 वर लागतं (अमेरिका आंतरराष्ट्रीय वाहतूक आणि विमा वगळून आकारते). म्हणजे 11.2, आणि माल उतरतो 123.2 ला. वितरकाचं मार्जिन 20 टक्के, दुकानदाराचं 30 टक्के. आता इथे हमखास चूक होते: मार्जिन विक्री किमतीवर मोजतात, खरेदी किमतीवर नाही. म्हणून 123.2 ला 0.8 ने भागायचं, येतात 154, त्याला 0.7 ने भागायचं, येतात 220. वर 20 टक्के उपभोग कर धरला तर 264. खरेदी किमतीवर टक्के चढवत गेलात तर उत्तर सुमारे 231 येतं, आणि त्या 33 च्या फरकावर ‘निर्यात परवडते’ हा निष्कर्ष उलटू शकतो. लक्षात घ्या, यात कंपनीचा स्वतःचा नफा अजून धरलेलाच नाही.

आता तिथेच कारखाना काढला तर नग 110 ला पडतो, पण वर्षाचा स्थिर खर्च 6,60,000 आहे असं धरा. दर नगामागे 13.2 वाचतात, म्हणजे वर्षाला 50,000 नगांच्या पुढे कारखाना परवडतो. पण मायदेशाचं चलन 10 टक्क्यांनी वधारलं तर उतरलेला माल 135.52 ला जातो, बचत 25.52 होते आणि तोच आकडा 26,000 च्या आत येतो. निर्यात, जॉइंट व्हेंचर की स्वतःचा कारखाना, हा निर्णय विनिमय दरावर इतका हलतो. म्हणून एकच आकडा देऊ नका, दोन-तीन दरांना गणित करून दाखवा.

बार्टलेट आणि घोषाल यांच्या जागतिक, बहुराष्ट्रीय, आंतरराष्ट्रीय, ट्रान्सनॅशनल या वर्गवारीबद्दल थोडंच. क्रमाने अर्थ असा: सगळीकडे एकच पद्धत, देशागणिक वेगळी, मायदेशातलं कौशल्य बाहेर नेणं, आणि या तिन्हींचा मेळ. सगळी कंपनी एका चौकोनात कोंबू नका, कामागणिक बघा: संशोधन आणि खरेदी एकत्र, विक्री आणि सेवा स्थानिक. ‘ट्रान्सनॅशनल’ हे उत्तर सगळ्यांना आवडतं, पण त्यात एकाच मॅनेजरला दोन वरिष्ठ येतात आणि निर्णय लांबतात. ती किंमतही लिहा.

माहितीसाठी वार्षिक अहवाल उघडलात तर थेट सेगमेंटच्या, म्हणजे व्यवसायाच्या विभागवार आकड्यांच्या टिपेवर जा. आयएफआरएस 8 या आंतरराष्ट्रीय लेखा मानकाप्रमाणे कंपनीला महसूल आणि दीर्घकालीन (नॉन-करंट) मालमत्ता मायदेश आणि परदेश अशी दाखवावी लागते. एखाद्या देशाचा वाटा मोठा असेल तर तो स्वतंत्र. नफा देशवार दाखवणं मात्र बंधनकारक नाही. त्यामुळे सेगमेंटच भौगोलिक नसतील तर ‘त्या देशातला नफा’ शोधण्यात तास घालवू नका. महसुलाला मालमत्तेने भागा आणि देशादेशांत तुलना करा. गुंतवणूक कुठे सुस्त पडून आहे ते बरंचसं तिथे कळतं.

शिफारस पहिल्याच परिच्छेदात लिहा, पुरावा नंतर. आणि बाहेर पडण्याच्या अटी आत शिरतानाच नोंदवा: किती महिन्यांत किती विक्री, एकूण तोटा किती झाला की थांबायचं, भाडेकरार मोडायला आणि कामगारांची देणी द्यायला किती लागतील. हा शेवटचा आकडा बहुतेक उत्तरांत नसतो. तो मोठा निघाला तर वर केलेली एंट्री मोडची निवड पुन्हा तपासा, कारण भाड्याने सुरू केलेला धंदा आणि विकत घेतलेला कारखाना, दोन्हींतून बाहेर पडायला सारखा खर्च येत नाही.