तुम्ही विचारलंत म्हणून: फुलांच्या पाण्यात काय टाकायचं?

भाद्रपद लागला की फोन सुरू होतात. आपल्या इंदूरचेच: रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर. विचारणारे वेगळे, प्रश्न तोच. "महालक्ष्म्यांची फुलं तिसऱ्या दिवसापर्यंत टिकायला हवीत, पाण्यात काय टाकू?" साखर, ॲस्पिरिन, तांब्याचं नाणं, लिंबू-सोडा ही यादी तुमच्याकडे तयारच असते, माझा फक्त होकार हवा असतो. तो मी देत नाही, मग "त्या सांगत नाहीत हो काही" असं ऐकू येतं. तर घ्या, सगळं सांगते.

आधी फुलदाणीत बोट घालून आतून फिरवून बघा. बुळबुळीत लागलं तर ते मागच्या वेळच्या फुलांचे जिवाणू आहेत. नुसतं विसळून तो थर जात नाही. भांड्याच्या साबणाने आणि ब्रशने घासा. अरुंद गळ्याच्या फुलदाणीत ब्रश जात नसेल तर मूठभर तांदूळ, थोडं साबणाचं पाणी घालून जोरात हलवा. बादलीचंही तेच. फुलं आणल्यावर ज्या बादलीत तासभर टाकून ठेवता, ती बहुतेक वेळा फरशी पुसायची असते.

गेल्या वर्षी एका घरी काय झालं ते सांगते, कारण त्यात सगळंच आलं. आवाहनाच्या संध्याकाळी जरबेऱ्याच्या चार जुड्या उंच पितळी कलशात लावल्या. कलश गळ्यापर्यंत भरलेला, पाण्यात दोन चमचे साखर आणि एक ॲस्पिरिन. पूजनाच्या सकाळी अर्ध्याहून जास्त फुलांनी माना टाकलेल्या. सगळ्यांचा राग फूलवाल्यावर, "बासी माल दिया" म्हणून. पण पाकळ्या बघितल्या तर ताठ, रंग स्वच्छ. शिळ्या जरबेऱ्याच्या पाकळ्या अशा नसतात. देठ बाहेर काढले. वरचा भाग हिरवागार, कडक. पाण्यातला भाग मात्र वीतभर पारदर्शक झालेला, चिमटीत धरला की साल निघून येत होती आणि वास गटाराचा. जरबेऱ्याच्या देठाला बारीक लव असते, आत तो पोकळ. खोल पाण्यात तो लवकर कुजतो. साखर फुलाचं अन्न खरं, पण जंतुनाशक नसेल तर ती आधी जिवाणू खातात, वाढतात आणि देठाच्या कापलेल्या तोंडाशी पाणी चढायच्या नळ्या बुजवतात. मग पाण्यात उभं राहून फूल तहानेने वाकतं. वाकतं तेही ठरलेल्या जागी, फुलाच्या खाली चार बोटांवर, कारण तिथला देठ सगळ्यात कोवळा. शेजारच्या तांब्यातली शेवंती त्याच पाण्यात ठणठणीत होती. तिचा देठ चिवट, लाकडासारखा.

उपाय केला तो असा. कुजलेला भाग पूर्ण कापून टाकला, त्याच्यावरही दोन बोटं. पाच-सहा फुलं एकत्र, माना सरळ करून वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळली आणि घासलेल्या बादलीत चार बोटं पाण्यात, पंख्यापासून दूर, अंधाऱ्या न्हाणीघरात उभी केली. दोन तासांनी बरीचशी उभी राहिली. ज्यांची मान मोडून आडवी घडी पडली होती ती गेली. घडी पडली की नळ्या चेपतात, तिथे काही चालत नाही.

फूलवाल्याला मात्र कोणी सॉरी म्हटलं नाही.

आता तुमचा प्रश्न. एक लिटर पाण्यात दोन छोटे चमचे साखर, एक चमचा लिंबाचा रस आणि पाव चमचा घरगुती ब्लीच. साखर अन्नासाठी, लिंबू पाणी आम्लधर्मी करायला म्हणजे ते चटकन वर चढतं, ब्लीच जिवाणूंसाठी. ब्लीच आणि लिंबू कधीही थेट एकमेकांत ओतू नका, क्लोरीन वायू सुटतो. लिटरभर पाणी आधी, मग एकेक घालून ढवळायचं. ब्लीच जास्त झालं तर देठ पांढरे पडून करपतात. आणि हे मिश्रण पितळेच्या किंवा तांब्याच्या कलशात नाही. आम्ल धातू खातं. कलश दिसायलाच हवा असेल तर आत काचेचा किंवा प्लास्टिकचा ग्लास बसवा. पाणी रोज बदला, तेव्हा देठही बोटभर कापा. जरबेऱ्याला साखर नकोच, नुसतं ब्लीच. निशिगंधाला साखर हवी, कारण त्याच्या वरच्या कळ्या अजून उमलायच्या असतात. खालची सुकलेली फुलं खुडत राहा.

पाणी कोणतं हेही आहेच. बोअरचं पाणी क्षारांचं. त्यात लिंबू दोन चमचे लागतं आणि ॲस्पिरिनच्या एका गोळीचं आम्ल तर क्षार तिथल्या तिथे संपवतात. नळाला येणारं नर्मदेचं पाणी बरं, आरओचं सर्वांत चांगलं. वॉटर सॉफ्टनरचं मात्र नको, त्यातला सोडियम गुलाबाला मानवत नाही. राहिलं नाणं. आपली एक-दोन रुपयांची नाणी स्टीलची आहेत, त्यामुळे तो विषय मिटला.

यापुढचं कोणी विचारत नाही, पण नुकसान इथेच जास्त होतं. महालक्ष्म्यांपुढे पिकलेली केळी आणि सफरचंदं मांडता, बाजूला उदबत्ती आणि धूप, आणि मधोमध कार्नेशन. पिकणाऱ्या फळांतून आणि धुरातूनही इथिलीन वायू निघतो. कार्नेशनला तो अजिबात सोसत नाही, पाकळ्या आत वळून फूल मिटतं. त्या जागी शेवंती किंवा जरबेरा ठेवा, त्यांना इथिलीनचा तितका त्रास नाही. ग्लॅडिओलस आडवे ठेवू नका, शेंडे वर वळतात आणि मग सरळ होत नाहीत. फुलं खोचायचा हिरवा फोम पाण्यात दाबून बुडवायचा नाही, पृष्ठभागावर सोडून द्यायचा. तो आपणहून भिजत खाली जातो. दाबला तर मध्ये कोरडा राहतो आणि नेमका तिथे खोचलेला देठ सुकतो.

सुट्या फुलांना पाणी प्यायला देठच नाही, म्हणून त्यांचं पाणी उडू द्यायचं नाही एवढंच. मोगरा, शेवंती ओल्या, घट्ट पिळलेल्या मलमलीत गुंडाळून स्टीलच्या डब्यात, फ्रीजमध्ये, पण फळांपासून लांब. झेंडू ओला करून पिशवीत कोंबला की रात्रीत तपकिरी पडतो. साठलेल्या थेंबांवर बुरशी धरते.

एका गोष्टीवर मात्र मी दोन्ही बाजूंनी बोलले आहे आणि तुम्ही ते मला ऐकवताही: देठ पाण्याखालीच कापायचा का? कापताना नळीत हवा शिरते आणि पाण्याचा धागा तुटतो, म्हणून पूर्वी मी हट्टच धरायचे. पण मंडीतून येईतो फुलं तासन्‌तास कोरडीच असतात, हवा आधीच शिरलेली असते, आणि धारदार सुरीने कापून लगेच पाण्यात ठेवलं तर बऱ्याच फुलांना फरक पडत नाही. तरी गुलाबाने मान टाकली तर मी अजूनही ताटात पाणी घेऊन त्यातच तिरका कापते, आणि अख्खं फूल तासभर पाण्यात आडवं ठेवते. शेवंतीला एवढं करत नाही. तिचा देठ हातानेही मोडला तरी ती पाणी ओढते. सुरी हवीच, स्वयंपाकघरातली कात्री नको. ती कोवळा देठ चेपते आणि मग पाण्याखाली कापा की वर, सारखंच.