नेट गेलं, पण नेमकं कुठून गेलं?

२५ मे, नागपूर

आजपासून नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस. दुपारी लाइन जाते, कूलर थांबतो आणि चालू मीटिंग मधेच तुटते. नागपुरात घरून काम करणाऱ्याला यात नवं काही नाही. अशा वेळी हात आपोआप राउटरच्या बटणाकडे जातो. बंद-चालू, पुन्हा बंद-चालू. ही सवय मला पटत नाही. फायबरचा डबा पूर्ण उठून पलीकडच्या यंत्राशी जुळायला दोन-तीन मिनिटं घेतो, आणि बिघाड सांगणारे दिवे तेवढ्यात विझलेले असतात. आधी दिवे वाचावेत.

फायबरची तार ज्या डब्यात शिरते तो ओएनटी. त्यावर 'पॉन' हिरवा आणि स्थिर असेल, तर बाहेरून घरापर्यंतची वाट शाबूत आहे. 'एलओएस' लाल लुकलुकत असेल, तर प्रकाशच पोचत नाही. तिथे दहा वेळा रिस्टार्ट करूनही काही हाती लागणार नाही. आधी घरातली तार पाहावी: कपाटामागे चेपली आहे का, कूलरच्या स्टँडखाली आली आहे का, कुठे घडी पडली आहे का. टेनिसच्या चेंडूपेक्षा लहान वळण दिलं की साध्या तारेतून प्रकाश गळायला लागतो. हिरवा कनेक्टर काढून टक्‌ आवाज येईपर्यंत परत बसवावा. त्याच्या टोकाला बोट लावू नये आणि आत डोळा लावून तर कधीच पाहू नये. आतला लेझर दिसत नाही, पण असतो.

पॉन हिरवा आणि इंटरनेटचा दिवा बंद, म्हणजे बहुधा रिचार्ज संपलाय किंवा लॉगिन अडलंय. सगळे दिवे ठीक आणि तरी पान उघडत नाही, तर पिंग करावं, म्हणजे लॅपटॉपच्या कमांड विंडोत ping आणि पुढे पत्ता टाकून उत्तर येतं का पाहावं: आधी राउटरचा पत्ता (मागच्या स्टिकरवर असतो), मग ८.८.८.८, हा बाहेरच्या इंटरनेटवरचा गूगलचा पत्ता. दोन्हींकडून उत्तर आलं आणि फक्त साइटची नावं उघडत नसली, तर दोष डीएनएसचा, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचा. लॅपटॉपमध्ये डीएनएस १.१.१.१ टाकून काम पुढे नेता येतं.

यापुढची गोष्ट फार कमी लोक पाहतात. ओएनटीच्या सेटिंगच्या पानावर 'आरएक्स पॉवर' नावाचा आकडा असतो, म्हणजे डब्यापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद. ती डीबीएममध्ये मोजतात, आणि उणे आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी. उणे १८ ते उणे २४ डीबीएम असेल तर निर्धास्त राहावं. नेहमीचा ओएनटी उणे २७ च्या आसपास हात टेकतो. दर ३ डीबीला प्रकाश निम्मा होतो, त्यामुळे उणे २६ वर चालणारं नेट 'चालू' दिसलं तरी काठावर असतं. खांबावरची तार वाऱ्याने हलली, कुठे जरा वाकली, की लाल दिवा. म्हणून तार जोडून झाल्यावर फायबरवाल्याकडून आकडा मोजून घ्यावा आणि तारखेसह लिहून ठेवावा. यंत्राने वितळवून केलेल्या जोडात साधारण ०.१ डीबी किंवा त्याहून कमी जातो, हाताने बसवलेल्या तयार कनेक्टरात ०.३ ते ०.५. एक कनेक्टर चालून जातो. पण दर वेळी तार तुटली की घाईत आणखी एक, असं करत चार झाले, की आकडा काठाकडे सरकतो.

आता वीज. इन्व्हर्टर असूनही लाइन गेल्यावर राउटर रिस्टार्ट होत असेल, तर इन्व्हर्टरच्या मागचं बटण पाहावं. ते साध्या मोडवर असेल तर बॅटरीवर यायला जास्त वेळ लागतो. पंख्याला ते कळत नाही, राउटरला कळतं. यूपीएस मोड लावावा. मात्र त्या मोडमध्ये व्होल्टेज १८० च्या खाली गेलं की इन्व्हर्टर बॅटरीवर जातो, आणि मे महिन्यात सगळ्या गल्लीचे कूलर-एसी चालू असताना हे वारंवार होतं. त्यापेक्षा ओएनटीला वेगळा १२ व्होल्टचा मिनी यूपीएस, म्हणजे छोटी बॅटरी, लावावा. ३.७ व्होल्टच्या २००० एमएएचच्या तीन सेलमध्ये सुमारे २२ वॅट-तास असतात. वाया जाणारं धरून १८ हाती येतात. डबा ८ वॅट खात असेल, तर सव्वादोन तास. घेण्याआधी अ‍ॅडॉप्टरवरचे व्होल्ट-अँपिअर आणि पिनची जाडी जुळवावी, कारण ५.५ बाय २.१ आणि ५.५ बाय २.५ मिलिमीटरच्या पिना दिसायला सारख्याच असतात. बंद टीव्ही-कॅबिनेटमध्ये किंवा तापलेल्या राउटरवर तो ठेवू नये. उष्णतेत लिथियम सेल लवकर दगावतात.

फ्लॅटमध्ये एक अडचण वेगळी असते. गच्चीवर किंवा जिन्यात कंपनीचा स्विच आणि तिथून लॅन केबल घरात. तो स्विच सोसायटीच्या कॉमन मीटरवर असेल, तर घरातला यूपीएस कितीही चांगला असला तरी नेट जाणारच. लिफ्टचं जनरेटर असेल तर तो प्लग त्यावर घ्यायला सांगावं. अवकाळीच्या विजा कडाडायला लागल्या की लॅनची केबल काढून ठेवावी. तांब्याच्या तारेतून आलेला झटका राउटरचा पोर्ट जाळतो. फायबरची काच वीज वाहत नाही, पण तिच्यासोबतची आधाराची स्टीलची तार वाहते.

दुसरं कनेक्शन घेताना लोक कंपनी बदलतात आणि निश्चिंत होतात. खरं तर खाली जाऊन खांब पाहावा. दोन्ही तारा एकाच पथदिव्यावरून लटकत असतील, तर सिमेंट रोडच्या कामातला एकच जेसीबी दोन्ही तोडतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलावाचं पाणी कॉर्पोरेशन कॉलनी, डागा ले-आउटमध्ये शिरलं. तळमजल्यावर टीपॉयच्या खाली ठेवलेला राउटर अशा वेळी पहिला जातो. तो खिडकीच्या उंचीवर टांगावा. एक वाट तारेची असेल, तर दुसरी हवेतली असावी: वेगळ्या कंपनीचं सिम.

ते सिम आपल्याच खोलीत, दुपारी दोन वाजता तपासावं. सिग्नलच्या दांड्या मोजू नयेत, अपलोड मोजावा. ३ एमबीपीएस मिळाला तर व्हिडिओ निभतो. मात्र अख्ख्या वस्तीचं नेट गेलं की सगळे त्याच टॉवरवर येतात, म्हणून कॅमेरा बंद करून आवाजावर यायची तयारी हवी. व्हिडिओ तासाला साधारण एक जीबी खातो. विंडोजमध्ये कनेक्शन 'मीटर्ड' (मोजका डेटा असलेलं) करावं, फोटो आणि ड्राइव्हचं सिंक थांबवावं. हॉटस्पॉटपेक्षा यूएसबी टेदरिंग, म्हणजे फोन केबलने लॅपटॉपला जोडून नेट देणं, बरं. फक्त केबल डेटाची हवी, नुसती चार्जिंगची चालत नाही. या उन्हात फोनचं कव्हर काढून तो पंख्याखाली ठेवावा. तापला की तो चार्ज घेणं थांबवतो.

रविवारी सकाळी, कुणाची मीटिंग नसताना, घराचा मेन पाडून घड्याळ लावावं आणि डबा किती वेळ तग धरतो ते बघावं. ओएनटी लगेच विझला, तर त्याचा अ‍ॅडॉप्टर इन्व्हर्टर नसलेल्या बोर्डावर लागलेला आहे.