जुन्या पिकअपचे दुखणे ओळखताना
माझी जुनी पिकअप सकाळी सुरू होईना, की मी लगेच बॅटरी बदलायला धावत नाही. पूर्ण चार्ज झालेल्या बॅटरीवर इंजिन बंद असताना मल्टिमीटर सुमारे १२.६ व्होल्ट दाखवतो आणि इंजिन चालू असताना साधारण १४. हा आकडा वाढतच नसेल, तर दोष अल्टरनेटरमध्ये (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्रात), त्याच्या बेल्टमध्ये किंवा वायरिंगमध्ये शोधावा. गेल्या खेपेस मात्र बॅटरीच्या टर्मिनलवर, म्हणजे वायर जोडायच्या टोकांवर, साचलेली हिरवट-पांढरी पूड खरवडून काढताच स्टार्टर पहिल्याच झटक्यात फिरला. सायलेन्सरमधून निळसर धूर दिसला, तर ऑइल जळत असते. दाट पांढऱ्या धुराला गोडसर वास येत राहिला, तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) सिलिंडरमध्ये शिरत असण्याची शक्यता मोठी, आणि अशा वेळी गाडी तशीच दामटणे मला मुळीच पटत नाही, कारण सिलिंडर हेडखालच्या गॅस्केटवर (सांधा बंद ठेवणाऱ्या पातळ थरावर) भागणारे काम पाहता पाहता खुद्द हेडपर्यंत पोहोचते.