व्हेरिगेटेड आयव्ही: पानांवरची नक्षी टिकवायची कशी

व्हेरिगेटेड आयव्ही म्हणजे पानांवर पांढरी किंवा पिवळसर नक्षी असलेला, भिंतीवर चढणारा वेल. पानावरचा हा पांढरा किंवा पिवळसर भाग म्हणजे हरितद्रव्य नसलेली किंवा फार कमी असलेली जागा. तिथे झाडासाठी अन्न जवळजवळ तयार होत नाही. म्हणूनच रंगीत पानांची आयव्ही हिरव्या आयव्हीपेक्षा सावकाश वाढते, पाणी आणि खत कमी घेते, पण उजेड जास्त मागते. ‘आयव्ही म्हणजे सावलीतलं झाड’ असं धरून तिला अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवलं की नक्षी पुसट होते, दोन पानांमधली पेरं लांबतात आणि वेल हडकुळा दिसतो.

तिला सकाळचं कोवळं ऊन दोन-तीन तास आणि बाकी दिवसभर भरपूर उजेड द्यावा. दुपारच्या कडक उन्हात पांढरा भाग आधी करपतो. करपलेलं पान पुन्हा सुधारत नाही. जागा बदलल्यावर नवी पानं कशी येतात ते पाहावं. 10 ते 21 अंश सेल्सिअस तापमान तिला सर्वांत मानवतं. 30 अंशांच्या वर वाढ मंदावते, आणि नेमक्या त्याच वेळी जास्त पाणी घातल्याने मुळं कुजतात. थंडीत काही जातींच्या पांढऱ्या कडांवर गुलाबी छटा येते. तो रोग नाही.

कुंडीसाठी ‘ग्लेशियर’, ‘इव्हा’, ‘गोल्डचाइल्ड’ यांसारख्या लहान पानांच्या जाती निवडाव्यात. ‘डेंटाटा व्हेरिगाटा’ची पानं हाताच्या पंजाहून मोठी होतात, ती बागेतल्या भिंतीवरच शोभते. मिश्रणात दोन भाग बागेतली माती, एक भाग कोकोपीट, एक भाग पर्लाइट (हलके, पांढरे खनिज दाणे) किंवा जाड वाळू आणि अर्धा भाग पूर्ण कुजलेलं खत घ्यावं. रोप 15 सेंटिमीटरच्या कुंडीत सुरू करावं आणि पुढची कुंडी आधीच्यापेक्षा फक्त 2-3 सेंटिमीटरने जास्त रुंद घ्यावी. लहान रोप मोठ्या कुंडीत लावलं की न वापरलेली माती ओली राहते आणि मुळं सडतात. वरची 2 सेंटिमीटर माती कोरडी झाली की तळाच्या भोकांतून निघेपर्यंत पाणी द्यावं आणि बशीत साचलेलं ओतून टाकावं. माती ओली असूनही पानं मलूल पडत असतील, तर पाणी आणखी देऊ नये. रोप काढून मुळं पाहावीत. निरोगी मुळं पांढरट आणि घट्ट असतात, कुजलेली तपकिरी आणि मऊ. वाढीच्या दिवसांत महिन्यातून एकदा, पाकिटावरच्या मात्रेच्या निम्मं द्रवखत पुरेसं होतं. नत्र जास्त झालं की वेल मऊ आणि हिरवागार होतो.

आता खऱ्या कामाकडे वळू. बहुतेक जातींमध्ये शेंड्याच्या पेशींचे काही थर हिरवे आणि काही बिनहरितद्रव्याचे असतात. हे थर कधीतरी सरकतात आणि पूर्ण हिरवी फांदी फुटते. तिच्याकडे अन्न जास्त, म्हणून ती वेगाने धावते आणि नक्षीदार फांद्यांना झाकून टाकते. ‘गोल्डहार्ट’ या बाबतीत विशेष बेभरवशाची आहे. अशी फांदी जिथून फुटली तिथपर्यंत मागे जाऊन, अगदी तिथूनच कापावी. अर्धवट खुडली तर उरलेल्या हिरव्या डोळ्यांतून पुन्हा हिरवंच फुटतं. पूर्ण पांढरी फांदीही काढावी, कारण ती बाकीच्या वेलावर जगते. हिरवी फांदी आणि उजेडाअभावी मंदावलेली नक्षी यांची गल्लत मात्र करू नये. संपूर्ण वेलावरची नक्षी पुसट दिसत असेल तर दोष जागेचा आहे. एकच फांदी हिरवी असेल तर कात्री घ्यावी.

जमिनीत लावताना भिंतीपासून 30 ते 45 सेंटिमीटर अंतर ठेवावं, कारण पायथ्याची माती कोरडी राहते. वेल भिंतीकडे कलवून लावावा. भिंतीला चिकटणारी मुळं नव्या वाढीवरच येतात, त्यामुळे जुन्या लांब फांद्या बांधून ठेवण्यापेक्षा छाटून नवी वाढ चढू द्यावी. चुना-सिमेंट सुटत असलेल्या भिंतीवर आयव्ही चढवूच नये. मुळं त्या भेगांत शिरतात. पन्हळी आणि छताखालचा भाग वर्षातून एकदा मोकळा करावा.

कोरड्या हवेत लाल कोळी ही अगदी बारीक, रस शोषणारी कीड येते: पानांवर बारीक फिकट ठिपके, खालच्या बाजूला जाळं. कुंडी आडवी धरून पानांची खालची बाजू जोराच्या पाण्याने धुवावी, आठवड्यातून दोनदा, सलग तीन आठवडे. कडेला पिवळं वलय असलेले पाणचट काळे डाग जिवाणूंचे असतात. ती पानं काढावीत आणि पाणी फक्त मातीत घालावं.

नवी रोपं बियांपासून करू नयेत, नक्षी उतरत नाही. प्रत्येक पानावर नक्षी चांगली असलेली 10-12 सेंटिमीटरची फांदी पान जिथून फुटतं त्या गाठीच्या जरा खाली कापावी, खालची पानं काढून ओलसर कोकोपीट आणि पर्लाइटमध्ये खोचावी. साधारण तीन-चार आठवड्यांत मुळं धरतात. छाटताना हातमोजे घालावेत, कारण चीक लागून त्वचेवर पुरळ येऊ शकतो. पानं आणि फळं विषारी असल्यामुळे टांगती कुंडी लहान मुलांच्या आणि पाळीव प्राण्यांच्या आवाक्याबाहेर असावी.